बिननंबरची काच

४ मार्च, मंगळवार

मेलोच होतो आज!

गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा ग्लास उचलला आणि दार वाजलं. ताई! मंगळवारी सकाळी ती कधी येत नाही. पाणी पिताना दिसलो तर विचारेल, काय घेतलंस म्हणून. ग्लास तसाच ठेवला, दार उघडलं. गोळी तोंडातच. ती बोलतेय, मी नुसत्या माना डोलावतोय. आणि गोळी विरघळायला लागली. कडूजहर! डोळ्यांत पाणी आलं. ताईने ते बघितलं आणि तिचेच डोळे भरून आले.

"येऊ दे बाळ्या, अडवू नकोस. मोकळं होतंय तुझं आतलं."

काय सांगू हिला? मोकळं-बिकळं काही नाही, जीभ जळतेय!

पाठीवर हात फिरवून गेली. काहीतरी आनंदाची बातमी आहे म्हणे, रविवारी सांगेन म्हणाली. मी चुळा भरत बसलो. दुकानात उशीर झाला, मालकांनी घड्याळाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. ते जास्त वाईट.

गोळ्या मी चष्म्याच्या घरात ठेवतो. चष्म्यांच्या दुकानातला माणूस, त्याच्या खिशात चष्म्याचं घर — कोण कशाला उघडून बघेल? सुचलं तेव्हा स्वतःवरच खूश झालो होतो. आता खिशावर चुकून कुणाचा हात पडला तरी छातीत धस्स होतं.

६ मार्च, गुरुवार

दुपारी गिऱ्हाईक नाही. काउंटरखाली वही धरून लिहितोय.

हे एकदा नीट लिहून काढायला पाहिजे. डोक्यात नुसतं गरगरतंय.

गेल्या वर्षी मी याच दुकानात कोसळलो. एका आजींच्या डोळ्यांचा नंबर काढत होतो, आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं झालं. हातपाय गार. वाटलं, संपलं सगळं. दवाखान्यात म्हणाले हृदय ठणठणीत आहे, हा घाबरण्याचा झटका आहे, मनाच्या डॉक्टरांकडे जा. त्यानंतर घराबाहेर पडायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. रस्ता ओलांडता येईना. मी, सहा फुटी बाप्या, कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत ताईचा हात धरून जायचो!

ताईचं तेव्हा हे ऊर्जेचं नवीन होतं. भाऊजी सोडून गेले, दातांच्या दवाखान्यातली नोकरी सुटली, आणि ही कुठूनतरी चक्रं शिकून आली. म्हणाली, "मी बरं करते तुला. गोळ्यांच्या नादाला लागू नकोस. तुला आईसारखं झालेलं मी बघणार नाही."

आईचं मला फार आठवत नाही. लहान होतो. ती काही दिवस मनाच्या आजारांच्या वॉर्डात होती, परत आली ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. ताई तिचे केस विंचरायची, ते तेवढं आठवतं. ताई त्याबद्दल बोलत नाही. विचारलं की उठून कामाला लागते.

म्हणून मी गुपचूप डॉक्टरांकडे गेलो. गुपचूप गोळ्या सुरू केल्या. आणि रविवारी ताईकडे जाऊन आडवा व्हायला लागलो. पहिल्या रविवारी तिने विचारलं, "वाटतंय का काही?" काहीच वाटत नव्हतं. पण भाऊजी गेल्यापासून तिचा चेहरा असा उजळलेला मी बघितला नव्हता. म्हटलं, "हो, हलकं वाटतंय."

झालं. तिथून सुरू.

पुढे गोळ्या लागू पडल्या, खरंच बरं वाटायला लागलं. श्रेय ताईला. मी तोंडाला कुलूप लावलं. आज सांगेन, उद्या सांगेन — वर्ष होत आलं.

९ मार्च, रविवार

बातमी कळली.

आधी नेहमीसारखं झालं सगळं. तिची ती आतली खोली, पडदे ओढलेले, पलंगावर पांढरी चादर. मी डोळे मिटून पडलो. ती हात लावत नाही, अंगापासून वीतभर वर धरते. छातीपाशी थांबली. "अनाहत चक्र अजून धडपडतंय. भीती इथे बसलीय बघ." मग बोलली नाही. कितीतरी वेळ नुसती शेजारी. तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

खोटं कशाला लिहू — बरं वाटतं. चक्रांचं मला कळत नाही. पण डॉक्टरांकडे बाहेर माणसं ताटकळलेली असतात, ते दोन प्रश्न विचारतात, लिहून देतात. इथे कुणीतरी आपल्यासाठी बसलेलं असतं. फोन बंद करून, हात अवघडेपर्यंत. आज परत रडू आलं. गोळी नव्हती तोंडात.

आणि मग चहा घेताना म्हणाली, "मोठ्या रुग्णालयात मनाच्या आजारांच्या विभागात ऊर्जा-उपचार सुरू करायचं चाललंय. मला बोलावलंय! समितीपुढे. एकवीस तारखेला."

"अरे वा!" मी म्हणालो.

"आणि तू यायचंस."

"मी? मी कशाला?"

"अरे, तूच तर माझा पुरावा! एकही गोळी न घेता उभा राहिलेला माणूस. तू फक्त बोलायचंस, जे झालं ते. मी काही शिकवणार नाही तुला."

कप बशीवर ठेवताना खडखडला. ती हसली. "बघ, आनंदाने थरथरतोयस!"

१० मार्च, सोमवार

झोप नाही. जेवण नाही. एकवीस. एकवीस. एकवीस.

१३ मार्च, गुरुवार

आज दुकानात एक बाई आली. बाई कसली, मुलगीच म्हणायची. चौकातल्या ग्रंथालयात पुस्तकं देते-घेते, मी तिला तिथे बघितलंय. मनात तिचं नाव लायब्ररीवाली. नवीन फ्रेम हवी होती.

तपासणीच्या खुर्चीत बसली, मी डोळ्यांवर ती काचा बदलायची जड फ्रेम चढवली. समोर अक्षरांचा तक्ता. "हे स्पष्ट की हे?" — आमचं रोजचंच. मध्येच मी बिननंबरची काच टाकतो. साधी काच, नंबर शून्य. आणि विचारतो, "आता?" हे मालकांनी शिकवलेलं. जो म्हणतो "हो हो, एकदम छान दिसतंय", त्याच्या पुढच्या उत्तरांवर फार विसंबायचं नाही. तो खोटारडा नसतो. समोरचा एवढी खटपट करतोय तर त्याला बरं वाटावं, म्हणून म्हणतो.

लायब्ररीवाली मात्र म्हणाली, "काही फरक नाही." चोख. मला आवडलं ते.

आणि मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ताईंचे भाऊ ना? तुमचा फोटो आहे त्यांच्या खोलीत! मी दर बुधवारी जाते त्यांच्याकडे."

मी म्हटलं, "हो का."

"दादा, तुम्हाला माहीत नाही तुमचे किती उपकार आहेत माझ्यावर. मला दोन टोकांचा आजार आहे. कधी महिना महिना उठवत नाही, कधी अशी सुटते की घरच्यांना पळता भुई थोडी. किती वर्षं गोळ्या! ताईंनी तुमचं सांगितलं आणि मला एकदम धीर आला. म्हटलं, हे करू शकतात तर मी का नाही? सोडून दिल्या. मस्त वाटतंय!"

खिशात चष्म्याचं घर. बोटं त्यावर.

तिने एक हिरवी फ्रेम डोळ्यांवर चढवून विचारलं, "कशी दिसते?"

"छान दिसते," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो! एवढंच!

१५ मार्च, शनिवार

डॉक्टरांकडे गेलो होतो. रुग्णालयात नाही, संध्याकाळी ते स्वतःच्या दवाखान्यात बसतात तिथे. ठरवूनच गेलो होतो, विचारायचं.

"डॉक्टर, हे चक्रं, ऊर्जा वगैरे — काही असतं का त्यात?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. (नंबर बदललाय त्यांचा, बघूनच कळतं.) "चक्र मला कधी सापडलं नाही बुवा. पण कुणी शांतपणे तासभर माणसाजवळ बसत असेल तर त्याने बरं वाटतं, यात नवल काय? मला तेवढा वेळ असता तर मीही बसलो असतो. माझं भांडण बसण्याशी नाही. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्यांशी आहे."

मग मी ताईचं सांगितलं. सगळं. पहिल्यांदाच कुणाला तरी. ते ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"एकवीस तारखेची समिती? अहो, त्या समितीत मी आहे."

मी जायला उठलोच!

"घाबरू नका. मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही. तुम्ही माझे पेशंट आहात हे मी कुणाला सांगू शकत नाही, तुमच्या बहिणीलाही नाही. तुम्ही तिथे काहीही बोललात तरी मी गप्प बसेन. बसावंच लागेल."

म्हणजे मी खोटं बोलणार, आणि ते खोटं आहे हे जाणणारा एकच माणूस समोर बसून काहीच माहीत नसल्यासारखा चेहरा करणार. हे तर आणखीच भयंकर!

निघताना म्हटलं, "आमच्या एका गिऱ्हाइकाने गोळ्या सोडल्यात. दोन टोकांच्या आजारावरच्या."

ते ताडकन उठले. "अचानक? कुणी सांगितलं सोडायला? त्यांना गाठा. घरच्यांना सांगा. उद्यावर ढकलू नका."

"हो," म्हणालो. हो म्हणायला मी एक नंबर.

१६ मार्च, रविवार

आज सांगायचंच ठरवून ताईकडे गेलो. जिन्यात पाठ केलं होतं. ताई, रागावू नकोस, मी पहिल्यापासून —

दार उघडलं तर ती माझा शर्ट इस्त्री करत होती. मीच गेल्या वेळी विसरलेला, निळा. "एकवीसला हा घाल. उठून दिसतोस."

मी आधी लायब्ररीवालीचं काढलं. म्हटलं, तिला गोळ्या सोडायला तू सांगितलंस?

ताईला लागलं ते. इस्त्री उभी केली. "मी कुणाला सोड म्हणत नाही. कधीच नाही. तिने विचारलं, तुमच्या भावाने काय केलं? मी म्हटलं, त्याला गरज पडली नाही. जे आहे ते सांगितलं. खोटं सांगायचं होतं का?"

मी निळ्या शर्टाचं बटण चाचपत राहिलो.

"बोल ना! खोटं सांगायचं होतं का मी?"

"नाही," म्हणालो.

नंतर आडवा झालो. तिचे हात छातीच्या वीतभर वर, आणि काळीज असं धडधडत होतं की तिला ऐकू जाईल असं वाटलं. "आज खूप अडकलंय रे," ती पुटपुटली. "कंठापाशी. काहीतरी बोलायचं राहिलंय तुझं."

अगदी बरोबर! कसं कळलं तिला? चक्राने की बहीण म्हणून, देव जाणे. तोंड उघडलंही होतं मी. तेवढ्यात ती म्हणाली, "माझ्या हातून आयुष्यात एक तरी गोष्ट नीट झाली बघ. तू."

तोंड मिटलं.

१८ मार्च, मंगळवार

लायब्ररीवाली चष्मा न्यायला आली. ही ती नव्हेच. बोलण्याला थांबा नाही, एक वाक्य अर्धं टाकून दुसरं. डोळे लाल, झोपलेलीच नाही म्हणे, गरजच वाटत नाही. आणखी चार फ्रेम काढायला लावल्या. प्रत्येक दिवसाच्या मनःस्थितीला वेगळी! मालक खूश, माल काढतायत. मी तिला बाजूला घेतलं.

आणि सांगितलं! शप्पथ, सांगितलं.

"ऐका. मी गोळ्या घेतो. रोज. पहिल्यापासून. ताईला माहीत नाही."

चष्म्याचं घर उघडून गोळ्यांचं पाकीट दाखवलं.

ती हसायला लागली. "दादा, माझी परीक्षा घेताय! मला वाटलंच होतं. आता सगळे माझी परीक्षा घेणार, मला येतंय ना ध्यानात." माझ्या गालाला हात लावला आणि गेली. चष्मा काउंटरवरच राहिला.

उशीर झाला होता. पाच दिवस आधी "काही फरक नाही" म्हणणारी ती मुलगी — तिने ऐकलं असतं.

तिच्या बिलावर घरचा नंबर होता. लावला. तिच्या आईने उचलला. थकलेला आवाज. "कोण बोलतंय?"

सांग! सांग ना गाढवा!

"चष्मा तयार आहे," मी म्हणालो. "घेऊन जा."

आणि फोन ठेवला.

मला स्वतःची लाज वाटते. दुसरा शब्दच नाही.

२० मार्च, गुरुवार

बोटं अजून वळत नाहीत नीट.

दुपारी चौकात गलका ऐकू आला. मालक म्हणाले, "ग्रंथालयाबाहेर काहीतरी झालंय." मला बघायच्या आधीच कळलं. धावत सुटलो.

ती पायऱ्यांवर. अनवाणी. कवेत पुस्तकांचा ढीग, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात कोंबतेय. "घेऊन जा! परत करू नका! आजपासून कुणी काही परत करायचं नाही!" लोक हसत होते. काहींनी तर घेतलीही. तिचे साहेब, टक्कल पडलेले गरीब गृहस्थ, एकेक पुस्तक लोकांच्या हातातून काढून घेत होते. "अहो द्या हो, नोंद राहिलीय त्याची." मग ती कठड्यावर चढली. खाली उतारावरून गाड्या भरधाव. तेव्हा हसणं थांबलं.

ताई आली. कुणी कळवलं कोण जाणे. गर्दीतून सरळ वर गेली, कठड्यापाशी उभी राहिली, आणि तिने हात वर धरले. तिथे, सगळ्यांसमोर! डोळे मिटून. ओठ हलतायत. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काही झालं नाही. होणार काय होतं? लायब्ररीवाली ओरडली, "तुमच्या हातातून काही येत नाहीये! काही येत नाहीये!"

ताईने डोळे उघडले. तो चेहरा मी विसरणार नाही. मग तिने हात खाली केले आणि सरळ त्या मुलीचा घोटा पकडला. दोन्ही हातांनी, घट्ट. इतके दिवस वीतभर वर राहणारे ते हात. मी दुसरा पाय धरला. साहेबांनी पुस्तकं टाकली आणि कंबर धरली. गाडी येईपर्यंत आम्ही तिघं तसेच, आणि ती वरून आम्हाला शिव्या देत होती.

रुग्णालयाच्या गाडीतून नेलं तिला. अंगाला ओरखडाही नाही. देवा रे!

ताई पायरीवर बसून राहिली. मी शेजारी बसलो. म्हटलं, आता सांगतो.

तिने माझा हात धरला. बर्फासारखा होता तिचा. "बाळ्या, उद्या समितीपुढे जाऊच नये असं वाटत होतं मला. या क्षणाला मला वाटतंय, हे सगळं थोतांड तर नाही ना? मी लोकांना फसवत तर नाही ना? पण मग तू दिसतोस. तू आहेस ना. तू खरा आहेस ना?"

मला श्वास घेता येईना. तिला वाटलं, धावल्यामुळे.

२१ मार्च, शुक्रवार

झालं.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पंख्याचा आवाज. मधोमध अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या. टोकाला डॉक्टर. मला बघून "नमस्कार" म्हणाले, जसं कुणाही परक्याला म्हणतात. मी निळा शर्ट घातला होता.

ताई बोलली. चांगली बोलली! मला अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो. सुरुवातच अशी केली — "काल एक मुलगी कठड्यावर चढली. ती माझ्याकडे येत होती. तिने गोळ्या सोडल्या होत्या. हे तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मी सांगते." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तिला कुणी विचारलंही नव्हतं! मग म्हणाली, "तिला गोळ्या लागत असतील. सगळ्यांना हा उपचार पुरत नसेल. पण काहींना पुरतो. हा माझा भाऊ."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बोला."

पंखा फिरतोय. ताई मान तिरकी करून माझ्याकडे बघतेय, शाळेत मी गोष्ट सांगायला उभा राहायचो तेव्हा बघायची तशी.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "सावकाश सांगा. तुम्हाला कशाने बरं वाटलं?" पेन खाली ठेवलं आणि टेबलाकडे बघत बसले. माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम.

मी खिशातून चष्म्याचं घर काढलं. अध्यक्षबाईंना वाटलं मला काहीतरी वाचायचंय. "घ्या घ्या, लावा चष्मा."

उघडून टेबलावर ठेवलं.

मग मी बोललो. काय बोललो ते सलग आठवत नाही. तुटक तुटक. मी चष्म्याच्या दुकानात आहे, आम्ही कधी कधी बिननंबरची काच लावून विचारतो, आता दिसतंय का छान? बरेच जण हो म्हणतात. समोरच्याचं मन राखायला. मी ताईला पहिल्या दिवशी तसंच हो म्हणालो. रोज गोळी घेतो. ताईकडे जाऊन मला बरं वाटतं, हेही खरं आहे, ते नाटक नाही. पण त्यातलं किती कशामुळे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण मी लपवलं. ती मुलगी माझ्या भरवशावर कठड्यावर चढली. ताईच्या नाही. माझ्या.



ताई उठली. टेबलापाशी आली. पाकीट उचलून त्यावरचं नाव वाचलं, ओठ हलवत. किती गोळ्या राहिल्यात ते अंगठ्याने चाचपलं. पाकीट परत आत ठेवलं, घर बंद केलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात सरकवलं. खिसा नीट केला. लहान मुलाचा करतात तसा.

आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली.

२३ मार्च, रविवार

तिने दार उघडलं नाही. आत होती, चपला बाहेर होत्या.

घरी येताना रस्ता ओलांडायला कितीतरी वेळ उभा राहिलो. सकाळी गोळी घेतली होती, तरी. छातीवर परत तेच ओझं. एका शाळकरी मुलीने विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

नाही, म्हणालो. खरं बोलायला सुरुवात करून बघतोय.

२७ मार्च, गुरुवार

वॉर्डात गेलो. लायब्ररीवालीला भेटायची परवानगी मिळाली. हिरवा चष्मा घेऊन गेलो होतो.

खिडकीपाशी बसली होती. हालचाली मंद, तोंड कोरडं पडतंय म्हणून सारखं पाणी पीत होती. पण तीच ती. चोख.

"बाकीच्या चार फ्रेम परत घेता का हो? आईने बिल बघितलं."

"घेतो."

हिरवा चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "ताईंवर माझा राग नाही. त्यांना माहीतच नव्हतं. इथे सगळे चांगले आहेत, गोळ्या देतात, झोपवतात, पण येऊन कुणी बसत नाही. त्या बसायच्या." पाण्याचा घोट घेतला. "राग तुमच्यावर आहे. तुम्हाला माहीत होतं. मी त्या खुर्चीत बसले होते, तुम्ही माझ्या डोळ्यांत बघत होतात, आणि म्हणालात, छान दिसते."

मान खाली घालून ऐकलं.

"तेरा तारखेला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं," ती म्हणाली.

मला माहीत होतं ते. तिच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

निघताना म्हणाली, "ताई रोज येतात. बाहेर बाकावर बसतात. आत येत नाहीत. नर्सने मला सांगितलं."

बाहेर आलो. बाक रिकामा होता.

२९ मार्च, शनिवार

डॉक्टर म्हणाले, समितीने प्रस्ताव बाजूला ठेवला. फेटाळला नाही, मंजूरही नाही. "वाद झाला खूप. एक जण म्हणाले, हे असलं विभागात शिरलं की आम्ही दुकान बंद करावं. अध्यक्षबाई म्हणाल्या, त्या बाईंनी न विचारता कालची गोष्ट सांगितली, आपल्यातलं कोण सांगतं?" मग बाहेर वाट बघणाऱ्या माणसांकडे बघून म्हणाले, "मी काय सांगू? चक्रावर मी सही करणार नाही. पण त्या मुलीजवळ बसायला माणूस हवंय, हे खरं आहे."

ताईला फोन केला. उचलला नाही.

मालकांनी चार फ्रेम परत घेतल्या. कुरकुरले, पण घेतल्या.

६ एप्रिल, रविवार

सकाळी दार वाजलं. ताई.

काही न बोलता स्वयंपाकघरात गेली, ग्लासभर पाणी आणलं, माझ्यासमोर धरलं. "आज घेतलीस?"

"अजून नाही."

"आईला गोळ्या मीच द्यायचे," ती म्हणाली. "बाबांनी माझ्यावर सोपवलं होतं. बारा वर्षांची होते मी. ती नको म्हणायची, तोंड फिरवायची, आणि मी नाक दाबून द्यायचे. मला वाटायचं, मीच तिला तसं केलं."

ग्लास आणखी पुढे केला. पाणी चादरीवर सांडलं.

"घे. माझ्यासमोर घे."

घेतली.